टाकाऊतून टिकाऊ : रद्दीवाला जे नेत नाही, ते कलेसाठी

शाळेतील कार्यानुभवाच्या तासाने मराठी घरांना जे शब्दप्रयोग दिले, त्यांत ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा सर्वांत चिवट म्हणावा लागेल. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड, शीतपेयाची बाटली कापून रंगवलेली फुलदाणी, जुन्या सीडीला टिकल्या चिकटवून केलेले भिंतीवरचे शोभेचे फूल हे त्याचे ठरलेले नमुने. प्रदर्शन आटोपले की या वस्तू महिनाभर दिवाणखान्यात राहतात, पुढे वर्षभर माळ्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत थेट कचऱ्यात जातात. त्या वेळी त्या मूळ वस्तूंपेक्षाही अधिक टाकाऊ झालेल्या असतात. स्वच्छ बाटली भंगारवाल्याने आनंदाने नेली असती. तैलरंग, चमकी, फेव्हिकॉल आणि थर्मोकोलचे मणी लागलेली बाटली तो हातातही घेत नाही. तिच्यातले प्लॅस्टिक पुन्हा वापरात येण्याची वाट आपणच बंद केलेली असते, आणि तीही बाजारातून नवे रंग व नवी चमकी विकत आणून.

म्हणून हस्तकलेला बसण्यापूर्वी घरातल्या टाकाऊ वस्तूंची एक साधी विभागणी करावी. रद्दीवाला किंवा भंगारवाला जे पैसे देऊन नेतो, ते त्यालाच द्यावे. जे तो नाकारतो, ते कलेसाठी ठेवावे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. बाजारात कशाला मोल आहे, याची यादी त्या नावातच आली. वर्तमानपत्रे, पुठ्ठा, काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे आणि अलीकडच्या काळात पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या यांवर अनेकांची चूल पेटते. या वस्तू रंगवून कपाटात ठेवणे म्हणजे कचरा कमी करणे नव्हे.

याउलट त्या नावात कापड नाही. पूर्वी जुने कपडे बोहारीण नेत असे आणि त्या बदल्यात स्टीलचे भांडे देत असे. भांड्याच्या आकारावरून होणारी तिची आणि गृहिणीची घासाघीस हा वाड्या-चाळींतला दुपारचा कार्यक्रमच होता. सोसायट्यांच्या फाटकावर पहारेकरी आले, तशी तिची फेरी विरळ झाली. कापडाखेरीज करवंट्या, फुटक्या बांगड्या, अंड्यांचे ट्रे, भिजलेली किंवा फाटलेली रद्दी, सोनेरी छपाईच्या लग्नपत्रिका, कांद्याची साले हीदेखील कोणी नेत नाही. रंगीबेरंगी आणि खरोखर वापरात राहणाऱ्या वस्तूंचा खजिना आहे तो इथेच.

गोधडी : सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी नमुना

महाराष्ट्राला टाकाऊतून टिकाऊ शिकवण्याची गरज नव्हती. गोधडी, वाकळ, चौघडी, दुपटे या शब्दांमागे जुन्या लुगड्यांचा आणि धोतरांचा शतकानुशतकांचा पुनर्वापर आहे. दुपटे दोन पदरांचे, चौघडी चार पदरांची. वाकळ जाडीभरडी, हाती लागेल त्या चिंध्यांची. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी यांची कुळकथा हीच. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात, ती तर डोळ्यांचे पारणे फेडणारी असते. त्या कडेपासून शिवण सुरू करून फेऱ्या घेत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या रंगीत तुकड्यांची त्रिकोणी ‘फुले’ बसवतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

शहरी घरात पहिल्याच प्रयत्नात पलंगभर गोधडी हाती घेऊ नये. रोज दुपारचा तासभर दिला तरी तिला कित्येक आठवडे लागतात आणि अर्धवट राहिलेली गोधडी माळ्याची धनी होते. तान्ह्या बाळाचे दुपटे, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटरचा चौरस, हे योग्य माप आहे. दोन जुन्या सुती साड्या त्याला पुरतात.

साडी प्रथम गरम पाण्यात धुऊन वाळवावी. फॉल उसवून काढावा. मग कापड दोन्ही हातांनी उभे-आडवे ताणून पाहावे. सहज फाटले तर ते वरच्या पदराला घेऊ नये, आत घालावे. विरलेले कापड आतल्या थरात उत्तम काम देते, कारण ते मऊ असते आणि टाक्यांनी जागच्या जागी धरून ठेवलेले असते. साडीचा नेसूचा भाग सर्वाधिक झिजलेला असतो, पदर बहुधा शाबूत असतो. तेव्हा पदर वर, नेसू आत, आणि काठ कापून बाजूला ठेवावेत. ते शेवटी कडेला किनार म्हणून लावता येतात. कापड सुतीच हवे. जॉर्जेट, शिफॉन, पॉलिएस्टर यांच्या साड्या दिसायला कितीही देखण्या असल्या तरी सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत आणि बाळाच्या अंगाखाली तापतात. त्यांचा उपयोग वेगळा आहे, तो पुढे येईल.

सर्व पदर जमिनीवर एकावर एक, सुरकुती न ठेवता पसरावेत. कोपऱ्यांवर वजनदार पुस्तके ठेवावीत. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने मोठाले कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांत पकडावेत. ही पायरी घाईत वगळणाऱ्यांच्या गोधडीला पुढे पोट सुटते. कच्चे टाके पडले की धावदोरा घालायला घ्यावा. टाका अर्धा ते एक सेंटिमीटरचा, दोन ओळींमधील अंतर दोन बोटांचे. टाके अगदी एकसारखे आले नाहीत तरी बिघडत नाही. पण ओढ सारखी हवी, नाहीतर एक बाजू आखडते. जुन्या गोधड्या पाहिल्या तर त्यांची शोभा कापडापेक्षा दोऱ्यात अधिक आहे असे जाणवते. लाल कापडावर पिवळा, निळ्यावर पांढरा असा उठून दिसणारा दोरा घेतला की साधा धावदोराही नक्षी होतो.

ज्यांना सुईकाम जमत नाही, त्यांनी पायपुसणे करावे. साडी पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांमध्ये फाडावी (कापू नये, फाडलेली पट्टी धाग्यात सरळ जाते), तीन पट्ट्यांची तिपेडी वेणी घालत जावे आणि ती वेणी जिलेबीसारखी गोल गुंडाळत शेजारच्या वेढ्याला टाके घालून जोडावी. हे काम मांडीवर न करता सपाट फरशीवर किंवा टेबलावर करावे. मांडीवर धरले की वेढे नकळत ओढले जातात आणि पायपुसण्याची टोपी तयार होते. वर नाकारलेल्या पॉलिएस्टरच्या साड्या इथे कामाला येतात. त्या लवकर वाळतात आणि न्हाणीघराबाहेर हाच गुण हवा असतो.

रंग विकत आणण्यापूर्वी

हस्तकलेच्या बहुतेक सदरांत ‘आवडीचा रंग द्या’ एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक रंग हाच या कामातला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत त्रासदायक भाग. जुन्या धोतराचे, चादरीचे किंवा पांढऱ्या ओढणीचे मळलेले कापड रंगवण्यासाठी स्वयंपाकघरातला कचरा पुरेसा आहे. फक्त त्याची पद्धत नीट सांभाळावी लागते.

सुती कापडाला वनस्पतीचा रंग आपणहून धरत नाही. त्यासाठी आधी कापड तयार करावे लागते आणि आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या हिरडा आणि तुरटी या जोडीने केले आहे. पाव किलो कोरडे कापड असेल तर ४०-५० ग्रॅम हिरड्याची पूड (काष्ठौषधींच्या दुकानात मिळते) गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजवावे, पिळावे आणि न खळबळता वाळवावे. दुसऱ्या दिवशी साधारण ४० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा काही तास ठेवावे. इथवर कापड मळकट पिवळे दिसते, त्याने निराश होऊ नये.

मग कांद्याची वरची कोरडी साले घ्यावीत, शक्य तर कापडाच्या वजनाइतकी. ही साले अत्यंत हलकी असल्याने पाव किलो म्हणजे मोठी पिशवीभर होतात. घरी साठवत बसण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या कांदे-बटाटेवाल्याला सांगून ठेवावे, तो एका दिवसात देईल. साले पाण्यात तासभर उकळून पाणी गाळावे, त्यात ओले कापड सोडून मंद आचेवर आणखी तासभर ठेवावे आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यावे. सोनेरी पिवळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत छटा येतात. भांडे स्टीलचे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. लोखंडी कढईत हाच रंग काळपट होतो. डाळिंबाच्या सालीने याच रीतीने हिरवट पिवळा रंग येतो.

काळ्या रंगाची कृती तर आंध्रातील कलमकारीच्या कारागिरांकडून घ्यावी. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवले की जे पाणी तयार होते, ते हिरड्याच्या कापडाला लागताक्षणी काळे उमटते. ब्रशने ठिपके, रेघा, वेलबुट्टी काढण्यासाठी हा रंग छान. मात्र त्याला वास येतो, तेव्हा बरणी गच्चीत ठेवावी. आणि पाणी फार दाट करू नये, कारण लोहाचा अतिरेक झाला की त्या जागी कापड कालांतराने कुजते. हळद आणि बीट यांचा मोह टाळावा. हळद उन्हात उडते, बीट पहिल्याच धुण्यात निघून जाते.

कागदाचा लगदा

चांगली, घडी न मोडलेली रद्दी विकावी. लगद्यासाठी अंड्यांचे ट्रे, भिजलेले अंक, फाटलेली पाकिटे, वह्यांची पाने वापरावीत. कागदाचा तंतू प्रत्येक पुनर्वापरात आखूड होत जातो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्याचा कागद होत नाही. अंड्याच्या ट्रेमध्ये बहुधा हा थकलेला तंतूच असतो, म्हणूनच तो पाण्यात पटकन विरघळतो. गुळगुळीत, चकचकीत छपाईचा कागद मात्र लगद्याला चांगला नाही. त्याच्या सुरळ्या करून टोपल्या विणाव्यात.

जुन्या घरांत सुपे आणि टोपल्या कागदाच्या लगद्यात वाटलेली मेथी मिसळून लिंपण्याची पद्धत होती. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीत चीक सुटतो, तो उत्तम डिंकाचे काम करतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड दूर राहते असा अनुभव सांगितला जातो. कृती सोपी आहे. अर्धा किलो कागद नखाएवढे तुकडे करून दिवसभर पाण्यात भिजवावा, पाणी एकदा बदलावे, मग थोडा थोडा वाटावा. मिक्सर वापरायचा तर जुने, बाद झालेले भांडे घ्यावे आणि पाणी भरपूर ठेवावे, नाहीतर मोटर जळते. लगदा फडक्यातून पिळून त्यात अर्धी ते एक वाटी मेथ्या रात्रभर भिजवून, वाटून मळाव्यात. एखादे भांडे पालथे घालून त्यावर जुनी प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवावी आणि लगदा अर्धा सेंटिमीटर जाडीने सगळीकडे सारखा थापावा. पहिला दिवस सावलीत, नंतर उन्हात वाळवावे. पहिल्याच दिवशी कडक ऊन दिले तर भेगा पडतात. पडल्याच तर ताज्या लगद्याने बुजवाव्यात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत मुंबई-कोकणात हे काम हाती घेऊ नये. वाळण्याआधी बुरशी येते आणि मग तो वास कशानेच जात नाही.

वाळलेल्या टोपलीला रंग देण्यापूर्वी खडूची पूड आणि डिंकाचे पाणी यांचा पातळ पांढरा हात द्यावा. त्यावर गेरू, पोस्टर कलर काहीही खुलते. किल्ल्या, सुया-दोरे, सुट्टी नाणी, चष्मा यांसाठी या टोपल्या वर्षानुवर्षे टिकतात. खाद्यपदार्थ मात्र त्यात ठेवू नयेत. छपाईच्या शाईतले घटक अन्नात उतरतात, म्हणूनच अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्याला मनाई केली. लगद्यात ती शाई असतेच.

खळीबद्दल एक सावधगिरी. पुस्तकबांधणी करणारे मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात आणि काही जुन्या हस्तकलेच्या पुस्तकांतही तसे सुचवलेले असते. मोरचूद विषारी आहे. मुले हाताळणार असतील त्या घरात नुसती खळ करून त्याच दिवशी संपवावी.

चोवीस कामट्यांचा आकाशकंदील

दिवाळीच्या बाजारात घडीचे प्लॅस्टिकचे कंदील ढिगाने येतात आणि पुढच्या वर्षापर्यंत क्वचितच टिकतात. कामट्यांचा कंदील त्याहून अवघड आहे अशी उगीचच समजूत झाली आहे. खिडकीचा जुना, तुटका बांबूचा पडदा उसवला की कामट्या आयत्या मिळतात. २० सेंटिमीटर लांबीच्या २४ कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवावा. त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक चौकोन टोकावर उभा करून बांधावा. या उभ्या चौकोनांची शेजारशेजारची टोके एकमेकांना बांधावीत. वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन आडवा बसवावा. चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात आणि सांगाडा लगेच ताठ होतो. बांधायच्या गाठी एकूण १२, तयार कंदिलाची उंची सुमारे २८ सेंटिमीटर.

वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवला की झाकायला उरतात चार चौकोन आणि आठ त्रिकोण. त्यांना वर सांगितलेल्या रंगवलेल्या सुती कापडाचे तुकडे खळीने लावावेत. वाळताना कापड ताणले जाऊन ढोलकीसारखे घट्ट बसते. प्रकाश आतून येणार असल्याने रंगाची निवड दिवसाच्या उजेडात करू नये. गडद मरून आणि नेव्ही ब्लू रात्री नुसते काळे दिसतात. पिवळा, केशरी, पोपटी, फिका गुलाबी उजळतात. एका रंगावर दुसरा पातळ थर लावला तर दोन रंगांचा तिसरा होतो, पिवळ्यावर फिका निळा लावला की हिरवा. झिरमिळ्यांसाठी लग्नपत्रिका कापाव्यात. सोनेरी छपाई आणि मखमली खळ असलेल्या या पत्रिका रद्दीत सहसा चालत नाहीत आणि टाकून द्यायला मन धजत नाही. त्यांना याहून चांगले ठिकाण नाही. गणपतीचे चित्र असलेला भाग घरोघरी वेगळा काढून ठेवतातच. आत पाच-सात वॉटचा एलईडी दिवाच लावावा. जुना तारेचा साठ वॉटचा दिवा कापड आणि खळ दोन्ही करपवतो. सणाच्या दिवशी आगीचे निमित्त नको.

बांगड्या आणि करवंट्या

फुटक्या काचेच्या बांगड्यांची साखळी हा एके काळी मुलींचा आवडता उद्योग होता. बांगडीचा तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर मधोमध तापवायचा, नरम झाला की वाकवून टोके जुळवायची आणि पुढचा तुकडा त्या कडीत ओवून हेच पुन्हा करायचे. हिरव्या, लाल, निळ्या कड्यांचे असे तोरण दारावर लागले की वाऱ्याने किणकिणते. काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, पंखा बंद करून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करावे. तापलेली कडी पाण्यात बुडवू नये, तडकते. काजळी नंतर कापडाने पुसली जाते. बांगडी प्लॅस्टिकची नाही ना, हे आधी पाहावे.

या फुटक्या बांगड्यांची ताकद पाहायची तर चंदीगडचे रॉक गार्डन पाहावे. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेले नेकचंद यांनी सरकारी जंगलाच्या जागेत, कोणालाही न सांगता, वर्षानुवर्षे टाकाऊ मालातून ती सृष्टी उभारली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिथल्या स्त्री-पुरुषांच्या आणि पशुपक्ष्यांच्या रांगाच्या रांगा बांगड्यांच्या व चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या आहेत. नेकचंद यांचे २०१५ मध्ये निधन झाले. त्यांनी हा माल सिमेंटमध्ये रोवला, गोंदाने चिकटवला नाही, ही गोष्ट हस्तकला करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. गच्चीतल्या सिमेंटच्या कुंडीवर हेच करता येते. ओल्या सिमेंटच्या पातळ थरात तुकडे दाबावेत, धारदार टोके आत जातील याची काळजी घ्यावी आणि दोन-तीन दिवस पाणी शिंपडावे.

करवंटीबाबत थोडक्यात. बाहेरचा काथ्या सुरीने खरवडून आधी जाड, मग बारीक काचकागदाने घासावे आणि खोबरेल तेलाचा हात फिरवावा. तिला रंग देणे म्हणजे तिचे स्वतःचे गडद तपकिरी सौंदर्य झाकणे होय. कोकण-गोव्यात बांबूचा दांडा बसवून केलेला करवंटीचा डाव अजूनही वापरात दिसतो. शहरात निदान मिठाची वाटी किंवा साबणदाणी तरी करावी. साबणदाणीला तळाशी छिद्रे पाडण्याचे विसरू नये.

प्लॅस्टिकच्या बाबतीत हात आखडता

प्लॅस्टिकच्या बाटलीत रोपे लावण्याची हौस मोठी आहे, परंतु तिचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. उन्हात ठेवलेली बाटली काही काळाने ठिसूळ होते आणि तिचे बारीक कण मातीत मिसळतात. ते वेचून काढणे अशक्य. बाटली सावलीत ठेवायची असेल तरच तिची कुंडी करावी. एरवी ती कचरावेचकाकडे जाऊ द्यावी. दुधाच्या पिशव्यांचेही तसेच. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकला की तो चिमुकला त्रिकोण कोणाच्याच हाती लागत नाही. चीर देऊन तुकडा पिशवीलाच राहू द्यावा आणि धुऊन, वाळवून गठ्ठा द्यावा.

वेफर्स, बिस्किटे, शाम्पू यांच्या चकचकीत वेष्टनांना मात्र बाजार जवळजवळ नाही. प्लॅस्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने ती वितळवून कोणाला फारसा फायदा होत नाही. ही वेष्टने धुऊन, चकाकी आत-बाहेर हवी तशी ठेवून, उभी घडी घालून पट्ट्या कराव्यात आणि चटईसारख्या आडव्या-उभ्या विणाव्यात. टेबलावरचे आसन, पुस्तकाचे वेष्टन, बाजाराची पिशवी असे बरेच काही होते आणि रंग तर कंपन्यांनीच दिलेले असतात. थर्मोकोलला हात लावू नये. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातून आलेला थर्मोकोल गणपतीच्या मखरासाठी कोरण्याची जुनी सवय तेव्हापासून कायद्याच्याही विरोधात गेली. मखराला साड्या आहेत, पुठ्ठा आहे, बांबू आहे.

मुलांसाठी वेगळा विचार

मुलांनी केलेली वस्तू टिकलीच पाहिजे, हा हट्ट मोठ्यांचा असतो. अरविंद गुप्ता यांनी सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण उपक्रमात आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांपासून भूमितीचे आकार केले. पुढे पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचे वैशिष्ट्य असे की ती मोडण्यासाठीच असतात. नळीचे तुकडे पुन्हा निघतात, काड्या पुन्हा डब्यात जातात. त्यात गोंद जवळजवळ नाहीच. मुलांच्या हाती गोंदाऐवजी दोरा, सुतळी, रबरबँड, खाचा पाडलेला पुठ्ठा द्यावा. रविवारी केलेला किल्ला सोमवारी मोडून आगगाडी करता यावी आणि शेवटी तो पुठ्ठा रद्दीवाल्याकडे जाण्याच्या लायकीचा राहावा.

जपणूक

या वस्तूंना वर्षातून दोनदा निगा लागते. पावसाळ्यापूर्वी लगद्याच्या टोपल्या कोरड्या कापडाने पुसून कागदात गुंडाळून उंचावर ठेवाव्यात; आश्विनात बाहेर काढून ऊन दाखवावे. कंदिलाचे कापड दरवर्षी बदलावे, सांगाडा तोच चालतो. गोधडी धुताना यंत्रात पिळू नये. टबात भिजवून, पायांनी हलके मळून, काठीवर दुहेरी घालून निथळू द्यावी आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवावी. वरचा पदर विरला तर त्यावर नवे कापड घालून पुन्हा धावदोरा मारावा. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर ती अंगावर घेण्यास जड होऊ लागते, तेव्हा तिला मधोमध कापून बैठकीची दोन आसने करावीत किंवा पुढच्या गोधडीच्या पोटात घालावी.